कादंबरीला उत्तर कसे द्यावे? : ‘पण लक्षात कोण घेतो’ आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प



मागच्या व्याख्यानानंतर दोन शिक्षिका आम्हाला जिन्यात भेटल्या. दोघी महाविद्यालयात मराठी शिकवतात. म्हणाल्या, “सर, हल्ली कादंबरी शिकवून झाली की मुलांकडून प्रकल्प करून घ्यायचा असतो. मुलं काय काय करून आणतात. नाटुकली, पत्रं, चित्रं, व्हिडिओ. बघायला छान वाटतं, पण गुण नेमके कशाला द्यायचे तेच कळत नाही. तुम्ही यावर एकदा बोला.”

आम्ही जन्मभर तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवलं. साहित्याचा प्रांत आमचा नव्हे. तरी हो म्हणालो, त्याला दोन कारणं आहेत. एक, आमच्या महाविद्यालयात मराठी विभागाच्या प्रकल्पांना बाहेरच्या विभागाचा एक परीक्षक लागायचा आणि तो मान बरीच वर्षं आमच्याकडे होता. दुसरं, त्या काळातली एक चूक आमच्या नावावर आहे. ती सांगायची राहून गेली आहे. आज सांगू.

बोलण्यासाठी एकच कादंबरी घेऊ, कारण नुसतं ‘अभिजात कादंबरी’ म्हणत राहिलं की बोलणं हवेत जातं. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती वाचली असेल. काहींनी परीक्षेपुरती वाचली असेल. १८९० साली हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ती क्रमशः येत गेली. यमू नावाची मुलगी स्वतःची हकिकत सांगते. माहेर, बालपण, दुर्गी ही मैत्रीण, मग लग्न, सासर. नवरा रघुनाथ चांगला निघतो, तिच्या शिकण्याला उत्तेजन देतो. मुंबईला दोघांचे काही दिवस सुखाचे जातात. मग रघुनाथ जातो, यमू विधवा होते, आणि घरातली माणसं, त्यात शंकरमामंजी पुढे, तिचं बळजबरीनं केशवपन करवतात. काळ कोणता, तेही ध्यानात ठेवा. संमतिवयाचा वाद पेटला होता आणि १८९१ च्या कायद्यानं ते वय दहावरून बारावर नेलं. म्हणजे वाचकाच्या घरात जो वाद चालू होता, तोच दर आठवड्याला अंकातून घरी येत होता.

आता प्रकल्प आले कुठून ते बघू. ते आले गाइडच्या त्रासातून. ‘यमूचे स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न दरवर्षी यायचा आणि दीडशे मुलं एकच उत्तर लिहायची. ‘सोशिक, प्रेमळ, भारतीय स्त्रीचे प्रतीक.’ कादंबरी न उघडता हे लिहिता येतं. त्यापेक्षा मुलाला काहीतरी स्वतः करू द्यावं, ही कल्पना चांगलीच होती. आम्ही तिची थट्टा करणार नाही. वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसलेला एक मुलगा प्रकल्पाच्या दिवशी दुर्गीच्या नवऱ्याची भूमिका करताना आम्ही बघितला आहे, आणि वर्ग अक्षरशः चूप झाला होता.

आणि एक गंमत बघा. ही कादंबरी मुळात अशाच एका प्रकल्पासारखी आहे. हरिभाऊंचा जन्म १८६४ चा. म्हणजे ‘करमणूक’ सुरू झालं तेव्हा त्यांचं वय सव्वीस. सव्वीस वर्षांचा एक पुरुष एका मुलीच्या तोंडून बोलतो, ‘मी’ म्हणून बोलतो. तिचं सासर, तिची भीती, तिची लाज, सगळं तिच्या बाजूनं. तेव्हा दुसऱ्याच्या तोंडून बोलून बघणं ही पोरखेळाची पद्धत आहे असं निदान या कादंबरीसमोर बसून तरी म्हणता येणार नाही.

मग अडतं कुठं?

आम्ही जे प्रकल्प बघितले त्यांत पहिला गठ्ठा सजावटीचा. थर्माकोलचा वाडा, चौसोपी, मध्ये तुळशीवृंदावन. नऊवारीतली बाहुली, तिच्या कपाळावर आधी कुंकू आणि दुसऱ्या खोक्यात कुंकवाशिवाय. मुलांनी रात्र रात्र जागून केलेलं असतं, आईवडिलांनी पैसे खर्च केलेले असतात, म्हणून वाईट वाटतं. पण त्या वाड्यात कुणीही राहू शकेल. ‘पण लक्षात कोण घेतो’चं नाव काढून कुठल्याही ऐतिहासिक मालिकेचं नाव लावा, काही फरक पडत नाही. कादंबरी तिथं निमित्ताला आहे, लग्नाच्या हॉलबाहेरच्या गणपतीसारखी.

दुसरा गठ्ठा आजच्या काळात आणण्याचा. ‘यमू आज असती तर.’ यमूचं इन्स्टाग्राम, यमूचे व्हॉट्सॲप संदेश. सुरुवातीला आम्हाला हे बघून कपाळावर आठ्या यायच्या. नंतर एक प्रकल्प आला. त्या मुलीनं यमूच्या मोबाइलचा पडदा काढला होता. यमू सगळ्यांना लिहिते, वडिलांना लिहिते, सासरी लिहिते, आणि प्रत्येक संदेशाखाली एकच करडी टिक. गेलाय, पोचला नाही. शीर्षक तिनं कादंबरीचंच ठेवलं होतं. आम्ही खूश झालो. पण तिच्या बाईंनी तिला एक प्रश्न विचारला, “अगं, आणि दुर्गी?” मुलगी विचारात पडली. कारण दुर्गी तर ऐकते. रघुनाथ ऐकतो. कादंबरीत यमू पहिल्यापासून एकाकी नाहीच. तिला ऐकणारी माणसं आहेत, फक्त ज्यांच्या हातात निर्णय आहे ती ऐकत नाहीत. आठवड्यानं मुलीनं पडदा बदलून आणला. दुर्गीच्या संदेशांखाली दोन निळ्या टिका, रघुनाथच्या संदेशांखाली एका तारखेपर्यंत निळ्या टिका, आणि त्या तारखेनंतर त्याच नावाखाली एकच टिक. मंडळी, पहिला पडदा कल्पक होता. दुसरा पडदा वाचून केलेला होता. मधल्या आठवड्यात काय झालं? कादंबरीनं तिला ‘नाही, असं नाही’ म्हटलं आणि तिनं ते ऐकलं.

आमचं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे. ज्या प्रकल्पाला कादंबरी ‘नाही’ म्हणू शकते, तो त्या कादंबरीला दिलेला प्रतिसाद. जिथं तिला ‘नाही’ म्हणायला जागाच ठेवलेली नाही, तिथं मुलानं आपल्या मनातलं काहीतरी केलेलं आहे. ते सुंदर असेल, त्याला चित्रकलेचे गुण द्या, पण तो कादंबरीशी झालेला संवाद नाही.

हे आम्ही आमच्या शास्त्रातून उचललं आहे. आपल्याकडे वादाची जुनी शिस्त आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा. समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की तो स्वतः म्हणेल, ‘हो, हेच माझं म्हणणं.’ त्यानंतरच उत्तरपक्ष. पूर्वपक्ष कच्चा ठेवून केलेलं खंडन म्हणजे गवताच्या बुजगावण्याशी कुस्ती. प्रकल्प हा उत्तरपक्ष आहे. त्याच्या आत कुठंतरी कादंबरीचा पूर्वपक्ष दिसला पाहिजे. मग तो नाटकात असो, नकाशात असो, गाण्यात असो.

ही कसोटी तिसऱ्या गठ्ठ्याला लावून बघू. शेवट बदलण्याचे प्रकल्प. मुलांना हे फार आवडतं आणि त्यामागं चांगुलपणा असतो. यमूचं जे झालं ते त्यांना सहन होत नाही. म्हणून कुणाची यमू पळून जाते, कुणाची शंकरमामंजींना थोबाडीत मारते. एकदा एका गटानं लिहिलं, यमू पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात जाते. आम्ही म्हटलं, हं, आता बोलता येईल. कारण शारदासदन खरं होतं. रमाबाईंनी ते १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. गोदूबाई ही बालविधवा तिथं शिकली आणि १८९३ मध्ये तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्याच आनंदीबाई कर्वे. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्यानं १८५६ पासूनच मुभा होती. म्हणजे मुलांनी बदललेला शेवट त्या काळात अशक्य नव्हता.

पण मग कादंबरी विचारते, की वाट होती तर माझी यमू त्या वाटेनं का गेली नाही? इथं खरा अभ्यास सुरू होतो. गोदूबाईंना शारदासदनात नेऊन घालणारा त्यांचा भाऊ होता, नरहरपंत. म्हणजे संस्था असून भागत नाही, घरातलं कुणीतरी हात धरून दारापर्यंत नेणारं लागतं. यमूलाही तर माया करणारा भाऊ आहे. मग अडलं कुठं? नवरा गेल्यावर सुनेवर हक्क कुणाचा? ते पहिले काही दिवस ती कुणाच्या घरात, कुणाच्या ताब्यात असते? त्या मुलांना या प्रश्नाशी आणून सोडलं तेव्हा त्यांना कळलं की शेवट बदलायचा तर शेवटच्या प्रकरणाला हात लावून उपयोग नाही. बरंच मागं जावं लागतं. त्यांच्यातला एक जण वैतागून म्हणाला, “सर, एक गोष्ट बदलायची तर सगळंच बदलावं लागतंय.” आम्ही म्हटलं, “बाबा रे, हरिभाऊंना तेच तर सांगायचं होतं.” त्या गटाला त्या वर्षी सगळ्यांत जास्त गुण मिळाले. त्यांचा शेवट अर्धवट राहिला होता तरी.

आता आमची चूक.

साल सांगत नाही. परीक्षेला सत्तर-ऐंशी प्रकल्प होते. त्यांत एका मुलीची साधी दोनशेपानी वही, तीतली नऊ-दहा पानं भरलेली. चित्र नाही, सजावट नाही, मुखपृष्ठावर नुसतं नाव आणि हजेरी क्रमांक. आत एक निवेदन. निवेदक होता तो न्हावी, ज्याला यमूच्या केशवपनाला बोलावलं जातं.

आमच्या आठवणीप्रमाणे ते असं होतं. सकाळी वाड्यावरून सांगावा येतो. काम काय ते सांगावा आणणारा सांगत नाही, आणि न सांगताच त्याला कळतं. बायको विचारते, कुणाच्या घरी? तो सांगत नाही. मग वस्तऱ्याला धार लावणं. ते दीड पान होतं, आणि दीड पान त्यात दुसरं काहीच नव्हतं. मग तो वाड्यात जातो, खोलीपर्यंत जातो. खोलीत काय झालं ते तिनं लिहिलंच नव्हतं. पुढचं वाक्य थेट तो बाहेर ओट्यावर हात धुतोय. आणि शेवट असा, की ठरल्यापेक्षा जास्त पैसे त्याच्यापुढे ठेवले जातात आणि तो ते घेतो.

आम्ही पंचवीसपैकी अकरा गुण दिले. शेरा लिहिला, ‘मूळ कादंबरीशी संबंध क्षीण. यमू कुठे आहे?’ तो शेरा लिहिताना आम्हाला आपण फार मार्मिक आहोत असं वाटलं होतं, हेही कबूल करतो.

मुलगी भेटायला आली. गुणांबद्दल एक अक्षर बोलली नाही. उभ्या उभ्या म्हणाली, “सर, तुम्ही विचारलंय यमू कुठे आहे. यमू त्या खोलीत आहे. मला त्या खोलीत जायला जमलं नाही, म्हणून मी बाहेर थांबले. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या हाच धंदा आहे.” आम्ही काहीतरी पुटपुटलो. पुनर्तपासणीचा अर्ज कर वगैरे. ती ‘बरं सर’ म्हणून गेली. अर्ज केला नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी कामगार चळवळीवरच्या एका व्याख्यानासाठी आम्ही नारायण मेघाजी लोखंडे वाचत होतो. गिरणी कामगारांचे पुढारी, जोतीराव फुल्यांचे सहकारी. तिथं आमच्या नजरेस पडलं की १८९० साली मुंबईत लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांचं केशवपन आपण करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. तारखेकडे बघा, मंडळी. १८९०. ज्या वर्षी ‘करमणूक’ निघालं तेच वर्ष. ज्या शहरात यमूचे सुखाचे दिवस गेले तेच शहर. म्हणजे ही कादंबरी ज्या वेळी घरोघर वाचली जात होती, त्या वेळी वस्तरा हातात असलेली माणसं ‘आम्ही नाही करणार’ म्हणून उभी राहिली होती. कादंबरीत त्या माणसाला स्वतःची कहाणी नाही. आणि आम्ही, तत्त्वज्ञानात डॉक्टरेट घेऊन बसलेले, वर्षानुवर्षं नीतिशास्त्र शिकवताना ‘दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या कृत्याची जबाबदारी कुणाची’ हा प्रश्न फळ्यावर लिहिणारे आम्ही, तो प्रश्न वहीत समोर आला तेव्हा ‘संबंध क्षीण’ म्हणालो.

आता आमचीच कसोटी त्या वहीला लावतो. कादंबरी तिला ‘नाही’ म्हणू शकत होती का? पुरेपूर. कादंबरी म्हणाली असती, ‘बाई, तू अत्याचार करणाऱ्या हाताची कैफियत मांडतेस. त्यात माझ्या यमूचं दुःख लहान होईल.’ हा आक्षेप खरा आहे आणि तिनं तो ऐकला होता. म्हणूनच ती खोलीत गेली नाही. आत जाऊन न्हाव्याच्या डोळ्यांतून यमूला बघितलं असतं, तर यमू त्याच्या कहाणीतली एक वस्तू झाली असती. आणि म्हणूनच शेवटी तो पैसे घेतो. तिनं आपल्या माणसाला निर्दोष सोडला नाही. त्याची लाचारी दाखवली आणि त्याच्या हातावर पैसेही ठेवले. नकार देणारे लोक त्या काळात होते हे तिला माहीत होतं की नाही, आम्ही विचारलं नाही. माहीत असेल, तर तो पैसे घेतो हे वाक्य आणखीच कठोर होतं.

ती वही आज नाही. ठरावीक मुदतीनंतर प्रकल्प रद्दीत जातात. आम्ही चौकशी केली तेव्हा दोन वर्षांपूर्वीच गेली होती. मुलीच्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं, ते परत आलं. तेव्हा आज हे तुमच्यासमोर सांगतो आहोत, आठवणीतून, जेवढं नीट सांगता येईल तेवढं. अकराचे किती करायला हवे होते, हा प्रश्न आता फिजूल आहे.

त्या दोन शिक्षिकांना द्यायचं उत्तर आम्ही या वहीपासून शिकलो. तीन प्रश्न आहेत. प्रकल्प सुरू करण्याआधी मुलाला विचारा, कादंबरीत तू नेमका कुठं अडलास? पान काढून दाखव. ‘मला कादंबरी आवडली’ हे उत्तर चालणार नाही. अडलेली जागा पाहिजे. दुसरा प्रश्न काम अर्ध्यावर आल्यावर. तू जे करतोयस त्याला कादंबरी कुठं ‘नाही’ म्हणेल? त्या एकटी टिक काढणाऱ्या मुलीला तिच्या बाईंनी हाच प्रश्न विचारला होता, फक्त ‘आणि दुर्गी?’ अशा सोप्या शब्दांत. तिसरा प्रश्न शेवटी. ते ‘नाही’ ऐकून तू काय बदललंस? आणि काही बदललं नसशील तर का नाही? कारण ऐकून न बदलण्याचाही हक्क आहे. कादंबरी म्हणजे पोथी नव्हे.

या तीन प्रश्नांची उत्तरं एका पानावर, स्वतःच्या शब्दांत, आणि त्यावर दहा मिनिटं समोरासमोर बोलणं. गुणांचा मोठा भाग त्याला द्या. साहित्य-सामानावरचा खर्च हिशेबातच धरू नका. स्टेशनरीच्या दुकानात तयार वाडा मिळतो, हल्ली यंत्राला सांगितलं की तयार निबंधही मिळतो. पण समोर बसून ‘मी इथं अडले’ म्हणणं विकत मिळत नाही.

आणि परीक्षकानं स्वतःला एक चौथा प्रश्न विचारावा. ‘संबंध क्षीण’ असं लिहिण्याआधी एकदा थांबून बघावं, की संबंध खरंच क्षीण आहे की आपलं वाचन तोकडं आहे? आम्ही थांबलो नव्हतो.

प्रश्नोत्तरांत एका तरुण श्रोत्यानं विचारलं, ते इथं देऊन थांबतो. तो म्हणाला, “सर, पण मुलांना मोकळं सोडायचं म्हणून प्रकल्प आणले आणि तुम्ही पुन्हा नियम घालताय. ‘कादंबरी नाही म्हणेल’ म्हणजे शेवटी शिक्षकच नाही म्हणणार ना?”

प्रश्न रास्त आहे. धोका आहेच, आमच्याच बाबतीत तो खरा ठरला. आम्ही ‘यमू कुठे आहे’ असं कादंबरीच्या वतीनं विचारलं होतं आणि कादंबरीनं आम्हाला तसं वकीलपत्र दिलेलं नव्हतं. म्हणून तर पान उघडायचं. शिक्षकाचं ‘नाही’ आणि कादंबरीचं ‘नाही’ यांत फरक हा, की कादंबरीचं ‘नाही’ पानावर बोट ठेवून दाखवता येतं आणि त्याच पानावर बोट ठेवून मुलाला ते खोडूनही काढता येतं. त्या मुलीला आम्ही पुस्तक उघडून समोर बसवलं असतं, तर त्या दिवशी तिनं आम्हाला खोडून काढलं असतं. आम्ही तिला उभंच ठेवलं.